लोणी-साखर फेसण्याची रीत

केकच्या बहुतेक पाककृतींची सुरुवात एकाच सूचनेने होते : खोलीच्या तापमानाचे बटर आणि साखर हलके व पांढरट होईपर्यंत फेसून घ्यावे. ही सूचना मुळात ज्या स्वयंपाकघरांसाठी लिहिली गेली, तिथली खोली २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी, ओव्हन तापत ठेवलेला असताना, ओट्याजवळ पारा सहज ३४-३५ अंशांवर गेलेला असतो. नागपूरकरांना तर हा आकडाही सुखाचा वाटेल. अशा खोलीत तासभर काढून ठेवलेले बटर मऊ झालेले नसते, ते वितळण्याच्या बेतात असते. घरचा केक दडस झाला की आपण बेकिंग पावडरला, ओव्हनला किंवा मैद्याला दोष देतो. माझ्या अनुभवात मात्र दहापैकी सात वेळा चूक पहिल्या पाच मिनिटांतच झालेली असते आणि ती बटरच्या तापमानाची असते. म्हणून या लेखात फेसण्याची कृती सांगताना वेळेपेक्षा तापमानावर अधिक भर दिला आहे.

ताक घुसळणाऱ्या घरांत ही गोष्ट वेगळ्या रूपात माहीत असतेच. उन्हाळ्यात विरजलेली साय घुसळताना लोणी तुपकट होऊन ताकात पसरते आणि गोळा धरत नाही, म्हणून त्यात बर्फाचे खडे टाकतात. दुधातली स्निग्धता ठरावीक थंडाव्यातच आपला आकार धरून ठेवते. घुसळताना आपल्याला तिचा गोळा हवा असतो आणि केकसाठी तिच्यात हवा भरायची असते. पण दोन्ही कामांना लागणारी अट एकच आहे.

फेसताना नेमके काय घडते

बटर म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ नव्हे. दुकानात मिळणाऱ्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि साधारण १६ टक्क्यांपर्यंत पाणी असते. त्या स्निग्धांशाचा काही भाग द्रव असतो आणि काही भाग अतिशय बारीक स्फटिकांच्या रूपात असतो. साधारण १८ ते २० अंशांना या दोहोंचे प्रमाण असे जुळते, की बटर बोटाने दाबले तर दबते, परंतु ओघळत नाही. या अवस्थेत साखरेचे टोकदार दाणे त्यातून फिरवले, की प्रत्येक दाण्याच्या कडेबरोबर थोडी हवा आत ओढली जाते आणि स्निग्धांशाचे स्फटिक त्या बुडबुड्याभोवती भिंत धरून बसतात. बटर फार थंड असेल तर ते दाण्यांना जागाच देत नाही आणि फार मऊ असेल तर भिंत धरणारे स्फटिक शिल्लक राहत नाहीत. मग मशीन कितीही वेळ फिरवले तरी आत गेलेली हवा तितक्याच वेगाने बाहेर पडत राहते.

हे बुडबुडे महत्त्वाचे अशासाठी, की बेकिंग पावडर किंवा सोडा नवे बुडबुडे जवळजवळ तयारच करत नाही. त्यातून निघणारा वायू आणि भट्टीतल्या उष्णतेने होणारी वाफ आधीपासून मिश्रणात असलेल्या बुडबुड्यांमध्ये शिरते आणि त्यांना फुगवते. फेसताना असंख्य बारीक बुडबुडे भरले गेले असतील तर केकची जाळी बारीक आणि एकसारखी पडते. बुडबुडे थोडेच असतील तर तोच वायू त्या थोड्यांत कोंबला जातो, म्हणून मोठी भोके पडतात आणि मधला भाग दाट राहतो. अशा वेळी पुढच्या खेपेला बेकिंग पावडर वाढवणारे लोक मोठी भोके आणखी मोठी करत असतात, शिवाय केकला साबणासारखी चव आणतात ती वेगळीच.

बटर कसे निवडावे व कसे तयार करावे

आपल्याकडे सहज मिळणारे पिवळे बटर खारे असते. ते केकला चालते, मात्र पाककृतीत सांगितलेले मीठ मग घालू नये. बिनमिठाचे बटर मिळाले तर उत्तम, कारण मिठाचा हिशेब आपल्या हाती राहतो. घरी काढलेले लोणी वापरायचे असेल तर ते गार पाण्यात तीन-चार वेळा धुऊन, ताकाचा अंश पूर्ण काढून, तळहाताने दाबून त्यातले पाणी निथळवावे लागते. तरीही त्यात विकतच्या बटरपेक्षा पाणी जास्तच राहते. म्हणून घरच्या लोण्याचा केक चवीला सुरेख होत असला तरी नेमकेपणाने हलका होईलच याची खात्री मी देणार नाही.

बटर फ्रिजमधून काढले, की अख्खी वडी तशीच बाहेर ठेवू नये. बाहेरचा थर मऊ होतो, गाभा दगडासारखा राहतो आणि आपण गाभ्याची वाट पाहत असताना कडा वितळू लागतात. वडीचे साधारण १ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून ते ताटात सुटे पसरावेत. पुण्यात जानेवारीत या तुकड्यांना पाऊण तास लागतो, मे महिन्यात मात्र दहा मिनिटे पुरतात, म्हणून घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. तुकड्यावर अंगठा दाबल्यावर खळगा स्वच्छ उमटला, कडांना भेग गेली नाही आणि अंगठा तुपकट होऊन चकाकला नाही, तर बटर तयार आहे. बोट विनासायास आरपार जात असेल तर ते पुन्हा दहा मिनिटे फ्रिजमध्ये जायला हवे. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर हिवाळ्यात १९-२० अंशांना आणि उन्हाळ्यात १६ अंशांनाच सुरुवात करावी, कारण मशीनच्या घर्षणाने आणि तापलेल्या खोलीने पुढचे अंश आपोआप चढतात.

मायक्रोवेव्हचा मोह टाळावा. त्यात वडीच्या आतला एखादा भाग आधी वितळतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. एकदा वितळलेले बटर फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा घट्ट केले तरी त्याची मूळची बारीक घडण परत येत नाही आणि ते पहिल्यासारखे फेसले जात नाही. घाई असेल तर थंड वडी किसणीवर जाड किसून घ्यावी. किसलेले बटर काही मिनिटांतच हवे तसे होते.

साखरेचा दाणा

आपल्या वाण्याकडे मिळणाऱ्या एम-३० प्रतीच्या साखरेचा दाणा सहसा १ मिलिमीटरहून मोठा असतो, तर केकसाठी परदेशी पाककृतींत सांगितलेली कॅस्टर शुगर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी बारीक असते. दाणा मोठा म्हणजे त्याच वजनात दाण्यांची संख्या कमी, म्हणजे कडा कमी आणि म्हणून आत ओढली जाणारी हवाही कमी. उलट पूर्ण पिठीसाखर घेतली तर दाण्याला कडाच उरत नाही. ती बटरमध्ये सहज मिसळते, परंतु हवा ओढण्याचे काम ती फारसे करत नाही. बाजारच्या पिठीसाखरेत तर गुठळ्या होऊ नयेत म्हणून पुष्कळदा मक्याचे पीठही घातलेले असते. यावर सोपा उपाय असा, की साधी साखर मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून पाच-सहा झटके देऊन फिरवावी, एकदा चाळावी आणि बारीक रव्यासारखी लागेल तेवढीच दळावी. चिमटीत चोळल्यावर कण जाणवले पाहिजेत. दळल्यावर साखर गरम झालेली असते, तेव्हा ती निवल्यावरच बटरमध्ये घालावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे माझे एक अख्खे भांडे पातळ झालेले आहे.

गुळाची पूड किंवा ब्राऊन शुगर ओलसर आणि चिकट असल्यामुळे हवा कमी धरते. तिची चव हवी असेल तर निम्मी साखर आणि निम्मा गूळ असे प्रमाण ठेवावे.

प्रत्यक्ष कृती

उदाहरणादाखल सर्वांत जुने आणि सरळ प्रमाण घेऊ. पाऊंड केकचे नावच मुळी बटर, साखर, अंडी आणि मैदा प्रत्येकी एक पाऊंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, या हिशेबावरून पडले आहे. घरच्या १८ सेंटिमीटरच्या गोल भांड्यासाठी प्रत्येकी २०० ग्रॅम पुरते. अंडी म्हणजे मध्यम आकाराची चार. बेकिंग पावडर मिळत नसे त्या काळात हा केक केवळ फेसण्याच्या जोरावर फुगवत आणि त्यासाठी तासभर हात चालवत असत. आपण त्यात एक चहाचा चमचा बेकिंग पावडर घालू आणि हाताला थोडा आराम देऊ.

खोलगट, पसरट नसलेले भांडे घ्यावे. आधी नुसते बटर मंद गतीवर अर्धा मिनिट फिरवून एकजीव करावे, मग साखर तीन-चार वेळा थोडी थोडी घालावी. साखर एकदम ओतली तर ती बटरला कोरडे करून भांड्याच्या कडेला साचते. सगळी साखर गेल्यावर मध्यम गती ठेवावी. सर्वांत वरची गती लवकर काम करते असे वाटते, परंतु ती मोठे आणि नाजूक बुडबुडे भरते आणि मिश्रण तापवते. दर मिनिटाने मशीन थांबवून, भांड्याच्या कडेचे आणि विशेषतः तळाचे मिश्रण रबरी उलथन्याने खरवडून वर आणावे. तळाशी न फेसलेल्या बटरचा थर राहिला तर तोच पुढे केकमध्ये तेलकट रेघ होऊन दिसतो. हातमशीनने चार-पाच मिनिटे, तर लाकडी चमच्याने पंधरा मिनिटे लागतात. चमच्याने फेसताना भांड्याच्या कडेवर मिश्रण दाबून ओढत राहावे, नुसते गोल ढवळू नये.

झाले हे कसे ओळखावे? पिवळे बटर हस्तिदंती रंगावर येते, मिश्रण आकाराने वाढते आणि चमच्यावर उचलले तर मऊ शेंडा धरते. मराठी पाककृतींत ‘साखर विरघळेपर्यंत फेसावे’ असे हमखास लिहिलेले असते आणि त्या नादात अनेक जण वीस-वीस मिनिटे फेसत राहतात. ही सूचना सरळ चुकीची आहे. साखर स्निग्ध पदार्थात विरघळत नाही, ती पाण्यात विरघळते. २०० ग्रॅम बटरमध्ये पाणी जेमतेम ३२ ग्रॅम असते आणि एवढे पाणी फार तर ६५ ग्रॅम साखर विरघळवू शकते. उरलेली दोनतृतीयांश साखर अंड्यांतले पाणी मिळेपर्यंत दाण्यांच्याच रूपात राहणार आणि ती तशी राहायलाच हवी. मिश्रण बोटांत चोळल्यावर बारीक कण लागत असतील तर घाबरण्याचे काही कारण नाही.

ज्यांना डोळ्यांपेक्षा परीक्षेचा आधार हवा त्यांनी चिरोट्यांच्या साट्याची परीक्षा इथेही लावून पाहावी. साटा फेसून झाला की त्याचा थेंब पाण्यात टाकतात आणि तो तरंगला तर साटा हलका झाला असे मानतात. खरे म्हणजे नुसते तूप किंवा बटर न फेसताही पाण्यावर तरंगते, परंतु साखर जड असल्यामुळे समान वजनाचे बटर आणि साखर नुसते कालवलेले असतील तर तो गोळा गार पाण्यात बुडतो. हवा भरली गेली तरच तो वर येतो. तरंगला म्हणजे काम सुरू झाले एवढेच समजावे आणि त्यानंतर मिनिट-दोन मिनिटे आणखी फेसावे. बुडाला तर मात्र पुढे जाऊ नये.

फेसता फेसता मिश्रण चकाकू लागले, सैल पडले आणि भांड्याच्या कडेवरून घसरू लागले, तर बटर तापले आहे. त्याच क्षणी थांबावे. परातीत बर्फाचे पाणी घेऊन भांडे त्यात पाच मिनिटे ठेवावे, कडेचे घट्ट झालेले मिश्रण मध्ये ओढावे आणि पुन्हा फेसावे. रंग पुन्हा फिका होऊ लागला म्हणजे ते सावरले. माझ्याकडे मार्च ते जून या महिन्यांत ही परात ओट्यावर तयारच असते. उलट थंडीत मिश्रण पात्यांना गोळ्यांनी चिकटून बसत असेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा भांड्याभोवती अर्धा मिनिट गुंडाळावा.

अति फेसण्याचाही तोटा असतोच. त्याने बुडबुडे इतके होतात, की केक भट्टीत भराभर चढतो आणि रचना पक्की होण्याआधीच मध्ये बसतो. वर खळगा आणि कापताना भुगा, ही त्याची लक्षणे आहेत.

अंडी घालताना

एवढे जमलेले काम बिघडते ते बहुधा अंड्यांच्या वेळी. अंड्याचा तीनचतुर्थांश भाग पाणी असतो आणि ते पाणी स्निग्धांशात धरून ठेवण्याचे काम पिवळ्या बलकातले घटक करतात. परंतु त्यांना थोडा वेळ आणि योग्य तापमान द्यावे लागते. फ्रिजमधले गार अंडे थेट फोडून घातले, की त्याच्या स्पर्शाने बटर आखडते, पाणी सुटते आणि मिश्रण नासक्या दुधासारखे फाटते. अंडी तासभर आधी बाहेर काढावीत किंवा कवचासकट कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत. ती वाटीत फोडून, काट्याने किंचित फेटून, एकेक करून घालावीत आणि एक पूर्ण मुरल्याशिवाय दुसरे घालू नये. चौथ्या अंड्याला मिश्रण थोडे फाटल्यासारखे दिसू लागले तर मोजलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा त्यात घालून फेटावे. तरीही ते फाटलेच तर फेकून देऊ नये. केक होतो, थोडा दाट होतो इतकेच.

अंडे न खाणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्क किंवा दही वापरतात. तिथेही नियम हाच, की जे घालायचे ते बटरइतक्याच तापमानाला असावे आणि हप्त्याहप्त्याने जावे. दही पातळ असेल तर ते आधी फडक्यात टांगून थोडे निथळवावे.

यानंतर मशीन बाजूला ठेवावे. मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र दोनदा चाळून तीन हप्त्यांत घालावी आणि उलथन्याने कापत, तळातून वर उलथत मिसळावी. इथे जोराने फेटणे म्हणजे भरलेली हवा घालवणे आणि मैद्याला चिवट करणे, असे दुहेरी नुकसान आहे. ओव्हन आधीच १७० अंशांवर तापलेला असावा, कारण हे मिश्रण वाट पाहण्यासारखे नसते. साधारण ४५ ते ५० मिनिटांनी सुई घालून पाहावी. गोव्यातल्या नाताळात होणारा रवा-खोबऱ्याचा बात हा याला अपवाद आहे. त्यातही बटर-साखर फेसूनच घेतात, पण रवा फुलावा म्हणून मिश्रण रात्रभर मुद्दाम ठेवतात. तिथे जाळीपेक्षा रव्याच्या ओलसर दाण्याला महत्त्व असते.

बिस्किटे आणि नानकटाई

बिस्किटांना केकइतकी हवा नको असते. हवा जास्त झाली तर बिस्किट फुगते, मग बसते आणि कडेने पसरते. बटर आणि साखर एकजीव होऊन रंग जरासा उतरला, की मिनिट-दीड मिनिटात थांबावे. साखरेचा दाणा इथे पोत ठरवतो. दाणेदार साखर भट्टीत वितळून बिस्किटाला पसरवते आणि वर तडे देते, तर पिठीसाखरेने ते आपल्या जागी राहते आणि तोंडात विरघळते. पुण्याच्या कँपातल्या श्रुजबेरी बिस्किटाच्या जातीचा खुसखुशीतपणा घरी आणायचा असेल तर पिठीसाखर आणि थोडे फेसणे हीच वाट आहे.

नानकटाईचे गणित वेगळे आहे, कारण तुपात पाणी नसतेच. तिथे साखरेचा एकही कण विरघळायला वाव नाही, म्हणून पिठीसाखर हाच एक पर्याय उरतो. दुसरी अडचण आपल्या आवडीची आहे : भातावर घ्यायला आपल्याला रवाळ तूप हवे असते, पण फेसायला ते कुचकामी ठरते, कारण त्याचे स्फटिक जाड असतात आणि त्यांच्यामध्ये द्रव तूप सुटे फिरत असते. नानकटाईसाठी तूप पातळ करून, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून, ते घट्ट होईपर्यंत सतत ढवळावे. असे भराभर गोठलेले तूप लोण्यासारखे मऊ राहते. १०० ग्रॅम तुपात ९० ग्रॅम पिठीसाखर घालून ते पांढरे होईपर्यंत फेसावे, मग १२५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन, एक चमचा बारीक रवा, चिमूटभर सोडा आणि वेलदोड्याची पूड मिसळून हलक्या हाताने गोळा करावा.

दिवाळीच्या आधी मैदा, साखर आणि डालड्याचा डबा घेऊन जवळच्या बेकरीत जायचे आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घेऊन यायची, हे ज्यांनी लहानपणी केले असेल त्यांना तळहाताने परातीत तूप रगडणारे कारागीर आठवतील. वनस्पती तूप हाताच्या उबेला बटरपेक्षा चांगले टिकते, म्हणून ती पद्धत त्याला जमत असे. बटर मात्र तळहाताने रगडू नये, कारण शरीराच्या उष्णतेने ते लगेच वितळू लागते. साजूक तूपही हाताने रगडायचे असेल तर परात आधी पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी आणि तळहाताऐवजी बोटांची टोके वापरावीत.

नानकटाईचे गोळे चपटे करून ताटात मांडले, की ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत आणि तिथून थेट १६० अंशांच्या ओव्हनमध्ये घालावेत. तूप वितळण्याआधी पीठ सावरायला सवड मिळते आणि नानकटाई पसरत नाही. पंधरा ते अठरा मिनिटांनी तळाची बाजू फिकट तांबूस झालेली दिसली, की ती बाहेर काढावी. त्या वेळी ती बोटाला मऊ लागेल. ताटातच गार होऊ द्यावी, तोवर हलवू नये.